रिसेप्शनमधला समुद्र

भागवत सरांना समुद्र पाहिजे होता, आणि तो जूनच्या आत पाहिजे होता, कारण जूनमध्ये ॲडमिशन सुरू होतात.

बीडमध्ये नगर रोडला त्यांचे वैद्यगंगा क्लासेस होते, डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेचे, म्हणजे नीटचे. इमारत पुढून काचेची आणि मागून उघड्या विटांची. रस्त्यापलीकडच्या क्लासवाल्यानं दारात प्लास्टिकचा माणसाएवढा सांगाडा उभा केला होता आणि पोरं तो सांगाडा बघून तिकडं जातात, असं सरांना वाटायचं. आईबाप क्लास निवडतात ते आत काय शिकवतात ते बघून नव्हे, दारात काय ठेवलंय ते बघून, हे त्यांचं ठाम मत होतं. त्यांच्या सगळ्या मतांत खरं निघालेलं हे एकच.

सर कोणे एके काळी बायोलॉजी शिकवत. आता ते फक्त प्रेरणा देत. दर शनिवारी सगळ्या बॅचेस हॉलमध्ये कोंबून माइकवर ओरडत, "डॉक्टर व्हायला डोकं लागत न्हाई, बूड लागतं बूड! एका जागी बसायला!" पोरं टाळ्या वाजवत. बायोलॉजी शिकवायला त्यांनी शिवांजली मॅडमना ठेवलं होतं.

शिवांजली बीडचीच. तिचे वडील मन्मथप्पा यांचं भांड्यांचं दुकान होतं. घरात अंडंसुद्धा येत नसे, आणि पोरगी प्राणिशास्त्रात एमएस्सी करून बेडूक-मासे चिरते, हे दुःख त्यांनी मुकाट्यानं गिळलं होतं. एमएस्सीच्या सहलीत ती रामेश्वरमकडं गेली होती. तिथं तोंडाला काच लावून तिनं डोकं पाण्यात घातलं आणि खाली प्रवाळ पाहिलं. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, झाड नव्हे, तो जिवंत प्राणी आहे, हे ती पुस्तकात वाचून गेलेलीच होती. पण बघितल्यावर तिला परत वर यावंसंच वाटेना. तेव्हापासून माणसांच्या बाबतीत तिचा संयम थोडा कमी झाला. भागवत सरांबद्दल तिला पहिल्या दिवसापासून तुच्छता वाटायची आणि ती लपवण्याचे कष्ट ती घेत नसे. सरांना ती तुच्छता दिसतच नसे. त्यांना वाटायचं, मॅडमचा चेहराच तसा आहे.

पुण्याहून माणसं आली, त्यांनी रिसेप्शनच्या भिंतीएवढी काचेची टाकी बसवली. फिल्टरच्या पाण्याचे जार ओतले, त्यात समुद्री मिठाची पोती विरघळवली. शहरात नळाला पाणी येऊन आठवडा उलटून गेला होता. वरच्या मजल्यावर पोरांचा पिण्याच्या पाण्याचा कूलर कोरडा पडलेला होता आणि खाली समुद्र भरत होता. मग दगड आले, दगडांवर जांभळे, गुलाबी, मऊ बोटं हलवणारे प्रवाळ आले, आणि मासे आले. निळ्याहिरव्या झळझळीत माशांचा एक थवा, नारंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली जोडी, आणि एक करडा, बोजड डोक्याचा, दगडाला चिकटून बसणारा मासा. हा दिवसभर दगडावरचं शेवाळ खरवडून खात राही.

"हा कळकट कावून घेतला?" सरांनी विचारलं.

"हा आहे म्हणून बाकीचं टिकेल," शिवांजली म्हणाली. "शेवाळ वाढलं तर प्रवाळ गुदमरतं. हा ते चरतो."

"चरायला म्हशी हायेत की आपल्याकडं," सर म्हणाले आणि स्वतःच हसले.

खरं सांगायचं तर टाकी सुंदर होती. वॉचमन आश्रुबा तर तिच्यासमोर खुर्ची टाकून बसू लागला. आश्रुबा माजलगाव धरणाच्या काठचा, जन्म मासळीत गेलेला, पण असले रंग त्यानंही बघितले नव्हते. शिवांजली त्याला मामा म्हणायची. मधल्या सुट्टीत दोघं शेजारी उभे राहून त्या करड्या माशाचं चरणं बघत. काही न बोलता दोघांचं पटायचं.

बिघडलं ते उद्घाटनाला. आष्टीकडचे मोहनराव पाहुणे म्हणून आले. मोहनराव म्हणजे सरांचे सख्खे साडू, सत्तेतल्या पक्षाचे पुढारी, चार गावांत शेती, पाचव्यात वट. त्यांनी फीत कापली, टाकीकडं बघितलं, गॉगल वर केला, परत बघितलं.

"सगळी बारकीसारकीच दिसायलीत. ह्यात वाघ कुठंय?"

भोवतीचे चार जण हसले, कारण मोहनरावांच्या बोलण्यावर हसायचं असतं. भागवत सरांनी मात्र ते मनाला लावून घेतलं. त्यांनी तिथंच पुण्याला फोन लावला.

वाघ नव्हता, पण सिंह मिळाला. लायन फिश. तांबूस अंगावर पांढरे पट्टे, अंगाभोवती पंख्यासारखे पसरलेले पर, पाठीवर उभ्या सुयांची रांग. पाण्यातून तो पोहत नसे, मिरवत असे. फोनवर पुण्याच्या माणसानं सांगितलं होतं की हा लहान माशांत ठेवू नका. शिवांजलीनंही सांगितलं.

"सर, तो सगळ्यांना खाईल. शिवाय त्याच्या पाठीवरच्या काट्यांत विष असतं. अमेरिकेकडच्या समुद्रात हा मुळात नव्हताच. लोकांनी हौसेनं पाळला, मग सोडून दिला. आता तिथल्या प्रवाळावरची लहान मासळी त्यानं फस्त करत आणलीय, आणि त्याला खाणारं तिथं जवळपास कुणी नाही."

"मॅडम, आपण बीडमध्ये हाय. अमेरिकेचं अमेरिका बघंल."

"टाकीचंही तेच होईल."

"पोटभर घालू की त्याला. पोट भरल्यावर कोण कुणाला खातंय?"

हे वाक्य चार गावं गिळूनही भूक न भागलेल्या मोहनरावांच्या साडूनं म्हणावं, याचं शिवांजलीला हसू आलं. पण सर तोवर फ्लेक्सवाल्याशी बोलायला लागले होते. दोनच दिवसांत नगर रोडला फ्लेक्स लागला. एका बाजूला लायन फिश, दुसऱ्या बाजूला हाताची घडी घातलेले सर, आणि मध्ये लाल अक्षरांत 'नीटच्या समुद्रातला सिंह.' कोणता सिंह, ते मोघम ठेवलं होतं.

मासे कमी व्हायला लागले. आधी थव्यातले. थव्यातून एखादा गेला तर कळत नाही, म्हणून सरांना कळलं नाही. मग नारंगी जोडीतला एक गेला. तेव्हा मात्र एका पालकाच्या पोरीनं रिसेप्शनमध्ये विचारलं, "दुसरा कुठंय?" आणि सरांनी चौकशी लावली. चौकशी म्हणजे त्यांनी आश्रुबाला सगळ्या स्टाफसमोर बोलावलं.

"काय बे आश्रुबा, तू मासेखाऊ ना?"

"व्हय सायेब."

"मग टाकीतले तूच तळून खातोस का?"

कुणीतरी फिसकन हसलं.

"सायेब, करंगळीएवढा मासा त्यो. त्येला तळून तोंडाला काय लागंल?"

"म्हणजे मोठा असता तर खाल्ला असतास!" सरांना आपण वकील झाल्यासारखं वाटलं असावं. "ह्यापुढं एक जरी मासा कमी झाला तर पगारातून कापीन."

"सर, कॅमेरा बघा ना," शिवांजली म्हणाली.

कॅमेरा होता, पण तो टाकीकडं तोंड करून नव्हता. तो मास्तर किती वाजता येतात ते बघायला लावलेला होता.

"मासे कुठं जातात ते मी तुम्हाला आधीच सांगितलंय," ती म्हणाली. "टाकीत बघा. एकटाच जाड होतोय."

"मॅडम, तुमी फार शिकल्या, त्यामुळं तुमाला साधं दिसत न्हाई. चोर नेहमी माणूस असतो." सर उठून गेले.

आश्रुबानं त्या दिवसापासून टाकीसमोरची खुर्ची उचलून गेटपाशी नेली. तो परत कधी टाकीकडं बघायला आला नाही.

पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी लाइट गेली. शेवटची बॅच सुटली होती. शिवांजली पेपरांचा गठ्ठा घेऊन टाकीसमोर बसली आणि तिनं मोबाइल काचेला टेकवून त्यावर व्हिडिओ चालू ठेवला. बाहेरचा उजेड मावळत होता आणि त्या धूसर उजेडात लायन फिश हलला. त्यानं दोन्ही पर जाळ्यासारखे पसरले. करडा मासा दगडावर आपलं चरणं करत होता. लायन फिश घाई करत नव्हता. एक बाजू परानं अडवली, दुसरी अडवली, करड्याला हळूहळू दगडाच्या खोबणीत सरकवत नेलं. करड्यानं वर बघितलंही नसेल. सिंहाचं तोंड उघडलं आणि मिटलं. जागा रिकामी.

लायन फिशचा शिवांजलीला राग आला नाही. त्याचं पोट आहे, तो भरतो, आणि ह्या काचेत तो स्वतःहून आलेला नव्हता. राग आला तो दुसऱ्याच कुणाचा, आणि तो मोबाइल बंद करतानाही गेला नाही.

सकाळी तिनं सरांना व्हिडिओ दाखवला. सरांनी तो बघितला. परत बघितला. मग आवाज मोठा करून बघितला, जणू मासा काही बोलणार होता.

"एक नंबर!" ते म्हणाले. "मॅडम, हे मला पाठवा. ह्याला म्युझिक लावू."

"सर, आश्रुबामामांना काय सांगणार?"

"त्याला काय सांगायचं? कामावर ठेवलंय की."

त्या व्हिडिओला म्युझिक लागलं, वर सरांचा फोटो लागला, आणि तो जिल्हाभर फिरला. लोक टाकी बघायला येऊ लागले. मग सरांनी पाच वाजताची वेळ ठरवली. पुण्याहून पिशव्यांतून बारके मासे मागवायचे, पाच वाजता टाकीत सोडायचे, आणि लोकांनी बघायचं. वडवणीकडून, आष्टीकडून आईबाप पोरांना घेऊन यायचे. एक गृहस्थ आपल्या पोरीचा खांदा धरून काचेकडं बोट करत म्हणाले, "बघ, असं व्हावं लागतं. समोरचा दिसला की गिळला." पोरगी त्या गिळल्या जाणाऱ्या माशाएवढीच घाबरलेली होती. शिवांजलीनं त्या गृहस्थांकडं असं बघितलं की त्यांनी चपला शोधायला सुरुवात केली. पण ॲडमिशन त्यांनी घेतलीच. सगळ्यांनीच घेतली.

शहरातल्या एका विरोधी पक्षाच्या कार्यकर्त्यानं रिसेप्शनमध्ये डोळा मारून म्हटलं, "हा मासा म्हणजे आमचे मोहनरावच की हो." त्याला वाटलं मॅडम हसतील. मॅडम म्हणाल्या, "नाही. हा मासा प्रामाणिक आहे." आणि त्या वर्गावर गेल्या. असल्या टपरीवरच्या विनोदानं कुणाचं काही वाकडं होत नाही आणि सांगणाऱ्याला मात्र आपण क्रांती केल्यासारखं वाटतं, हे तिला माहीत होतं.

ह्या सगळ्यात दगडांकडं कुणीच बघत नव्हतं. करडा मासा गेल्यावर त्यांच्यावर आधी हिरवी साय धरली. मग सायीचे केस झाले. केसांची दाढी झाली आणि ती प्रवाळावर चढली. ती गुलाबी बोटं आखडून आत गेली, ती बाहेर आलीच नाहीत. रोज सोडलेल्या माशांतले काही न खाल्लेले मरत आणि दगडाखाली कुजत. काचेला हिरवट झाक आली. रिसेप्शनला उन्हाळ्यातल्या नाल्याचा वास येऊ लागला. शिवांजली दर दोन दिवसांनी सांगत राहिली, पाणी बदला, नवे मासे टाकणं थांबवा, ह्याला वेगळा ठेवा. सरांनी कुठल्याशा दुकानातून शेवाळ मारायचं औषध आणून आपल्या हातानं ओतलं. शेवाळ थोडं मेलं. उरलंसुरलं प्रवाळ सगळं मेलं.

"साफ झालं ना?" सर म्हणाले.

"झालं," शिवांजली म्हणाली. त्यापुढं बोलायला तिला सरांची योग्यता पुरेशी वाटली नाही.

नव्या बॅचच्या शुभारंभाला परत मोहनराव येणार होते. सर पांढरा सफारी घालून तयार होते. काचेवर आतून हिरवा थर होता आणि त्यातून सिंह नीट दिसत नव्हता. पाहुणे यायला थोडा वेळ होता. सरांच्या डोक्यात आलं की आपणच काच पुसायची आणि ते मोबाइलवर लाइव्ह दाखवायचं. स्वच्छतेचा संदेश! क्लासच्या एका पोराच्या हातात मोबाइल देऊन ते स्टुलावर चढले आणि त्यांनी बाही वर केली.

"सर, हात घालू नका," शिवांजली म्हणाली. "काटे आहेत."

"ओळखतो तो मला. माझ्या हातचं खातो."

"तो कुणालाही ओळखत नाही."

सरांनी मोबाइलकडं बघून स्मित केलं आणि हात घातला. एवढ्यात दारात मोहनरावांची गाडी थांबली. सर तिकडं वळले, हात पाण्यात तसाच हलला, आणि पुढची किंकाळी नगर रोडपलीकडच्या सांगाड्यालाही ऐकू गेली असेल.

सर स्टुलावरून खाली आले ते बसूनच. हात धरून ते फरशीवर लोळायला लागले. तर्जनी बघता बघता सुजली, निळसर झाली. मोहनराव दारातच थांबले आणि मग दोन पावलं मागं सरकले, हा रोग लागणारा असेल म्हणून. स्टाफ ओरडत होता. कुणी म्हणालं बर्फ आणा, कुणी म्हणालं हळद लावा, कुणी म्हणालं साप उतरवणाऱ्याला बोलवा.

"गरम पाणी!" शिवांजली ओरडली. "सोसेल तितकं गरम. मामा, चहावाल्याकडून!"

आश्रुबा धावला. टपरीवरचं उकळतं पातेलं फडक्यानं धरून त्यानं आणलं. शिवांजलीनं त्यात गार पाणी घालून आधी आपलं कोपर बुडवून बघितलं आणि मग सरांचा हात धरून आत दाबला. सर परत किंचाळले.

"भाजतंय! भाजतंय बे!"

"भाजू द्या. ह्या विषाला उष्णता लागते. हात काढलात तर जास्त दुखेल."

"आईऽऽ! मरतो मी!"

"माणसं सहसा मरत नाहीत ह्यानं," ती म्हणाली. तिच्या स्वरात काळजी नव्हती, पण हात तिनं सोडला नाही. आश्रुबा पाणी थंड होईल तसं गरम घालत राहिला. हळूहळू सरांचा आवाज खाली आला, मग नुसतं हुंदकणं राहिलं. पांढऱ्या सफारीला टाकीतून सांडलेल्या पाण्याचा हिरवा चिखल लागला होता. मोबाइल धरलेल्या पोरानं लाइव्ह बंद केलंच नव्हतं. कुणी त्याला सांगितलंच नव्हतं.

रिक्षात घालून सरांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि विचारलं, गरम पाण्याची अक्कल कुणाची? सर म्हणाले, "माझीच."

तिसऱ्या दिवशी फ्लेक्स बदलला. आता सरांच्या हाताला पांढरी पट्टी होती आणि खाली लिहिलं होतं, 'विद्यार्थ्यांसाठी जीव धोक्यात घालणारा गुरू.'

त्याच आठवड्यात आश्रुबानं शिट्टी आणि टोपी रिसेप्शनच्या टेबलावर ठेवली.

"कावून चाललात मामा?" शिवांजलीनं विचारलं.

"पगार वाढवतो म्हनले सायेब."

"मग?"

"तळून खाल्लं म्हनले होते, सगळ्यांपुढं. ते तेवढं परत घ्या म्हनलं. तर म्हनले, कशाला जुनं काढतोस." आश्रुबानं पायात चपला सरकवल्या. "ताई, आमी मासे मारतो, चोरत न्हाई. एवढं त्यानला कळंना, तर पगार घेऊन काय करू?"

तो गेला. शिवांजली त्याच्यामागं गेटपर्यंत गेली. त्याची पाठ ताठ होती.

पुण्याचा माणूस लायन फिशला मोठ्या पिशवीत घालून घेऊन गेला. टाकी रिकामी करायच्या आदल्या दिवशी शिवांजली आपली सगळी बॅच खाली घेऊन आली. हिरव्या केसांचे दगड, खाली पडलेली पांढरट चोथ्यासारखी प्रवाळं. तिनं त्यांना सगळं सांगितलं. कोण कुणाला खात होता, कोण काय चरत होता, तो एक गेल्यावर काय काय गेलं. आणि हेच मोठ्या समुद्रात कुठं कुठं चाललंय, तेही. बोलताना तिचा आवाज कधी नव्हे तो मऊ झाला होता.

मागून रुद्राणीनं हात वर केला. बॅचमध्ये पहिली येणारी मुलगी.

"मॅडम, हे नीटला येईल का?"

"जसंच्या तसं नाही येणार."

निम्मी पोरं वह्या मिटून वर गेली. रुद्राणी पहिली. उरलेली निम्मी थांबली, काहीतरी बघायचं राहिलं असेल म्हणून काचेला नाकं लावून. शिवांजलीनं त्यांना करडा मासा बसायचा ती खोबण दाखवली. तिथं शेवाळ सगळ्यात दाट होतं.

महिनाअखेरीस तिनं राजीनामा दिला. सरांना खरंच आश्चर्य वाटलं. "मॅडम, कावून पण? आता तर साप ठेवायचा विचार करत होतो. तुमच्या विषयातलंच हाय."

"म्हणूनच," ती म्हणाली.

वडवणीच्या एका कॉलेजात तिला तासिकेवर काम मिळालं. मन्मथप्पांना वाटलं, पोरगी वेडी आहे, रोज एसटीनं जाते-येते. पण घरी आल्यावर ती आता कमी चिडते, हेही त्यांनी बघितलं.

वैद्यगंगाच्या ॲडमिशन त्या वर्षी दुप्पट झाल्या. कुणाला तसं झालं नसेल असं वाटत असेल, तर त्याला बीड माहीत नाही.

टाकी रिकामी करताना सरांनी पाण्याची काटकसर केली. एवढं पाणी गटारात का सोडायचं, दुष्काळी जिल्हा आपला, असं म्हणून त्यांनी पाइप लावून सगळा समुद्र क्लासपुढच्या रोपांना घातला. मोहनरावांच्या हस्ते लावलेली कडुनिंबाची ती रांग होती. आठवडाभरात पानांच्या कडा जळल्या. पोळ्यापर्यंत रांगेत नुसत्या काड्या उभ्या राहिल्या. सर रोपवाटिकेच्या मालकाला फोन करून, फसवलंस म्हणून, शिव्या घालत होते. मालक बिचारा विचारत होता, "पाणी कोणतं घातलं साहेब?"

"गोडं," सर म्हणाले.

एसटी स्टँडकडं जाणाऱ्या रिक्षातून शिवांजलीनं त्या काड्या बघितल्या आणि ती मोठ्यानं हसली. रिक्षावाल्यानं आरशातून मागं बघितलं. हसणं मात्र तिला बराच वेळ आवरलं नाही.